आठ दिवसांनी दाखवणे

डॉ. नीळकंठ वझलवार आर्णीला परतले त्याला आज महिना झाला, आणि महिनाभरात त्यांच्या दवाखान्यात एकही आजारी माणूस फिरकला नव्हता.

माणसं मात्र रग्गड आली. शाली आल्या, नारळ आले. कुणाला बदली हवी, कुणाला शिफारशीची चिठ्ठी. ताप म्हणून कुणालाच नाही! गावाची तब्येत एवढी ठणठणीत कधीपासून झाली, असं शीलाताईंच्या मनात येई आणि त्यांना रागही येई.

बावीस वर्षांपूर्वी याच दवाखान्याला कुलूप लावून डॉक्टर निवडणुकीला उभे राहिले. आमदार झाले, मंत्री झाले, शेवटी दूरच्या एका डोंगराळ राज्याचे राज्यपाल. बायको म्हणून शीलाताईंना त्याचा अभिमान होताच, नाही कशाला म्हणा! पण त्याहून मोठा अभिमान वेगळाच होता. एवढ्या वर्षांत नवऱ्याने डॉक्टरकीची नोंदणी एकदाही संपू दिली नव्हती. राजभवनातल्या माळ्याला खोकला झाला, तर राज्यपाल स्वतः त्याची छाती तपासत आणि अधिकारी कपाळाला हात लावत.

मुलाचं, अभिषेकचं म्हणणं एवढंच होतं, "महिनाभर बघा बाबा. पेशंट नाही आले तर पुण्याला या." डॉक्टरांनी तसा शब्द दिला होता. उद्या सकाळी गाडी येणार होती.

दुपारी तांड्यावरची बिजलीबाई काठी टेकत आत आली. डॉक्टरांनी सवयीने कागदासाठी हात पुढे केला.

"कोणाची बदली आहे, बाई?"

"कायची बदली? माहा गुडघा दुखून राह्यला!" बिजलीबाईने प्लास्टिकच्या पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला. "अन् हे तुमचीच चिठ्ठी. आठ दिवसानं दाखवणे, असं लिवलं तुमी. मी आली तं कुलूप! तुमी मतं मागाले गेलते."

डॉक्टरांनी कागद उलगडला. अक्षर त्यांचंच होतं.

"मग इतकी वर्षं कुणाला दाखवलंच नाही?"

"दाखोलं न, पुसदले बी दाखोलं. पन तुमचं बोलावणं बाकी होतं ना. आता परत आले तं म्हटलं, जाऊन येतो."

डॉक्टरांनी चिठ्ठी जपून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "चूक माझीच आहे, बाई. बसा." ते खाली वाकले आणि गुडघा दाबून पाहू लागले. पडद्याआड उभ्या शीलाताईंचे डोळे भरून आले. शपथविधीच्या दिवशीसुद्धा त्यांना नवरा एवढा मोठा वाटला नव्हता.

औषध लिहून झालं. त्याच जुन्या कागदावर, खाली उरलेल्या जागेत, डॉक्टरांनी आजची तारीख घातली आणि आणखी एक ओळ लिहिली. बिजलीबाई गेल्यावर शीलाताईंनी तडक फोन लावला.

"अभिषेक, गाडी पाठवू नकोस. तुझ्या बाबांनी पेशंटला आठ दिवसांनी बोलावलंय."