पाणपिसवांची टाकी

गावचं तळं दर उन्हाळ्यात हिरवंगार होऊन घाण मारायचं. शेतांतलं खत वाहून येतं म्हणून असं होतं, अशी सगळ्यांची खात्री होती. जीवशास्त्र शिकवणाऱ्या ताईची नव्हती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने तळ्यातलाच गाळ, पाणवनस्पती, गोगलगायी आणि टिंबाएवढ्या पाणपिसवा आणून काचेच्या टाक्यांत छोटी छोटी तळी वसवली होती. निम्म्या टाक्यांत तिने डासांचं औषध घातलं, तळ्यावर फवारतात तेवढ्याच प्रमाणात.

एका सकाळी दार उघडलं आणि ती जागीच थबकली. औषधाच्या टाक्या हिरव्या झाल्या होत्या, बाकीच्या नितळ. खत तर तिने कशातच घातलं नव्हतं. भिंगाखाली पाहिलं, तर औषधाच्या पाण्यात एकही पिसू जिवंत नव्हती. पाण्यात तरंगणारं शेवाळ खाणारंच कुणी उरलं नव्हतं. तिचे पाय जमिनीवर ठरेनात. मग आठवलं, फवारणीचं खातं आपल्याच धाकट्या भावाकडे आहे.

तो आला, सगळं ऐकलं आणि चिडला. शेवाळ औषधावरच पोसत असेल, पिसवांचा काय संबंध, म्हणून हटून बसला.

"मग तूच सांग, कसं बघायचं?" ताई म्हणाली.

तो टाक्यांकडे वळला. "औषध घालूच नकोस. एका टाकीतल्या नुसत्या पिसवा काढ. तरी पाणी हिरवं झालं, तर मानेन."

ताईला तेच हवं होतं. त्याने बाह्या सरसावल्या आणि स्वतःच तलम कापडातून पाणी पुन्हा पुन्हा गाळलं. मग रोज ऑफिसला जाण्याआधी त्याची फेरी ठरलेलीच. बायको त्याला चिडवायची, आपलं बाळ आजारी होतं तेव्हासुद्धा तू इतक्यांदा डोकावला नव्हतास.

पाण्याला पहिली हिरवी झाक आलेली त्यालाच दिसली. "ताई, लवकर ये गं," तो ओरडला. हरला होता तो, पण चेहरा असा फुलला होता की ताईला हसू आवरेना. दोघं काचेला नाक लावून कितीतरी वेळ बघत राहिली.

तळ्यावरची फवारणी त्याने बंद करवली. डास होऊ नयेत म्हणून गटारं उपसायला माणसं लावली. त्यावरून ऑफिसात बोलणी खाल्ली, पण मागे हटला नाही. पुढच्या उन्हाळ्यात काठावर उभं राहिलं की पाण्याखालचे दगड दिसत होते.