तिसरा तुकडा

"मामा, बिगी ये. शेठनी टाकं, मॅडमनी टाकं. तुनाच तुकडा बाकी से," कुंदनने जिन्यावरून हाक मारली.

दुपारची लाइट गेली होती, ती वीस मिनिटांनी आली. सुकलाल रंगाचे हात पुसत वर निघाला. सुरतच्या पांडेसऱ्यातल्या या डाइंग मिलमध्ये तो रंगमास्तर. मिलमधल्या साऱ्या रंगांचे फॉर्म्युले आणि मशिनांचे पासवर्ड एका सर्व्हरच्या तिजोरीत होते. यूपीएस नावालाच होता. लाइट गेली की सर्व्हर बंद पडायचा आणि तिजोरी कुलूप लावून बसायची. मग तीन जणांनी आपापला चावीचा तुकडा, म्हणजे अक्षरं-आकड्यांचा कोड, टाकल्याशिवाय ती उघडायची नाही, तोवर मशिनं ठप्प. शेठ आणि मॅनेजर मॅडम आपला तुकडा फोनवरून टाकत. तिसरा तुकडा सुकलालचा.

चार वर्षांपूर्वी शेठने तो दिला, तेव्हा सुकलालने नवागामातल्या आपल्या निम्म्या गल्लीला ऐकवलं होतं, "शेठले मानूस वळखता येस." तुकड्याबरोबर शेठने बजावलंही होतं, "सुरत छोडीने जता नहीं, सुकलालभाई."

आणि सुकलाल एरवी खरंच सुरत सोडेना. फक्त दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला, भागीरथीला, सासरहून माहेरी आणायला मुराळी म्हणून तोच जायचा. यंदा शेठ म्हणाले, उन्हाळ्यात लाइट सारखी जाते, जाऊ नका. त्याने बहिणीला फोन केला. "पुढल्या आखाजीले ये भाऊ," ती म्हणाली. पुढच्याच महिन्यात, जेठात, ती वारली. तिला पोचवायला सुकलाल एका दिवसापुरता गेला आणि त्याच रात्रीच्या गाडीने परतला. कुंदन तिचाच मुलगा. त्याला या मिलमध्ये कॉम्प्युटरवर चिकटवलं तेही सुकलालनेच.

चष्म्याच्या घरातली चिठ्ठी काढून तो कॉम्प्युटरसमोर बसला. कोणाला वाचता येऊ नये म्हणून त्याने अक्षरं इंग्रजीत आणि आकडे मराठीत लिहिले होते. एकेक दाबत गेला. एंटर मारला आणि चरकला. मराठी एक त्याने इंग्रजी नऊ म्हणून टाकला होता.

"थांब रे, मी चुकनू."

"व्हयनं मामा, उघडनं," कुंदन म्हणाला. त्याने स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. स्क्रीन हिरवी झाली होती.

सुकलालने मुद्दाम पुन्हा टाकलं. नुसते नऊ. पुन्हा हिरवी.

"हाई कव्हयपाईन चालू से?"

कुंदनची मान खाली गेली. "दिवाळीपाईन. लाइट उनी का सर्व्हर सोताच चावी लई लेस. मीच बसाडं ते. हाई स्क्रीन नुसती नावले से. शेठ म्हने, मामाले सांगू नको, चावी त्याना हातमा से तोवर तो सुट्टी मांगत नही. मी तव्हय कच्चा व्हतू मामा. नोकरी पक्की व्हवानी व्हती."

"तुनी माय वाट देखत व्हती रे. तुले माहीत व्हतं."

"माले काय माहीत, ती शेवटनी आखाजी व्हती."

सुकलालला संताप आला. शेठचं जाऊ द्या, शेठ परका. पण हा तर तिच्या पोटचा. दिवाळीपासून लाइट गेली की हा हाक मारायचा, आणि आपण भरल्या ताटावरून उठून धावत यायचो. मागे उभं राहून या पोराने ते सगळं पाहिलं होतं.

टेबलावरचा फोन वाजला. कुंदनने तो मामापुढे धरला.

"खुली गयुं, सुकलालभाई?" शेठ विचारत होते.

"खुली गयुं, शेठ. खोटुं नाख्युं तोय खुली गयुं," चुकीचं टाकलं तरी उघडलं, हेही सुकलालने सांगून टाकलं.

पलीकडे शेठ हसले आणि म्हणाले, मनावर घेऊ नका, तुम्ही तर घरचे माणूस.

"शेठ, मारे पंदर दिवस गाम जवुं छे."

"जाव ने. महिनो रहो. कोई वांधो नथी."

चार वर्षं सुट्टी हा शब्द काढायला तो कचरायचा. आज शेठने कोणाकडे जाता, कशाला जाता, एवढंही विचारलं नाही. गावी आता कोणी नव्हतंच म्हणा.

खाली मशिनं सुरू झाली. सुकलाल उठला, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि जिना उतरायला लागला.