नंदकुमारने पाळलेले हिरवे ढेकूण

बोरिवलीच्या त्या सात बिऱ्हाडांच्या इमारतीत बागेतलं कळणारा माणूस एकच, असं नंदकुमारचं प्रामाणिक मत होतं. दिवसभर बँकेत शिक्के मारायचे आणि येता-जाता शेतीचं मासिक चाळायचं, एवढ्या भांडवलावर माणूस केवढा शहाणा होतो बघा! शहाऐंशीच्या थंडीत त्याने मागच्या आवारात टोमॅटो लावले. सेक्रेटरी अंबादासला मात्र तिथे फरशी घालून स्कूटरी ठेवायच्या होत्या.

"फेब्रुवारीच्या मीटिंगला घरटी किलोभर टोमॅटो दे, नाहीतर जागा सोड," तो म्हणाला. नंदकुमारने छातीठोकपणे हो म्हटलं.

डिसेंबर उजाडला तशी पानांवर काळ्या-तांबड्या अंगाची, ठिपक्याठिपक्यांची इवली कीड दिसू लागली. ठिपकेवाला गोल किडा मावा नावाची कीड खातो, तो आपला मित्र, असं मासिकात होतं. झालं! बायको नीला चिमटीत धरायला गेली तर हा ओरडला, "अगं, मित्र आहेत ते!"

"मला काही यांची लक्षणं बरी दिसत नाहीत हं," नीला म्हणाली. पण ऐकतो कोण? मित्रांनी छान बाळसं धरलं आणि महिन्याभरात सगळे एकजात हिरवे झाले. एकाला त्याने कौतुकाने बोट लावलं, तर बोटाला असा घाण वास लागला की बँकेत शेजारचा कारकून टेबल सोडून खिडकीपाशी जाऊन बसला.

गोराईहून भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या सखुबाईने पान उलटून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे बाबा, हे हिरवे ढेकूण! ठिपक्यांची होती ती यांचीच पिल्लं. सोंड खुपसून फळाचा रस ओढतात मेले. तू तर त्यांची पोरं पोसलीस!"

"मग औषध मारू?"

"औषध कशाला? सकाळच्या गारठ्यात ते सुस्त असतात. खाली साबणाच्या पाण्याचा डबा धर नि फांदी हलव, पडतात टपाटपा. पानामागे अंड्यांचा पुंजका दिसला की चिरड. कडेचं तण उपट, तिथेच लपतात."

पहिल्याच सकाळी नंदकुमारने फांदी अशी काही हलवली की ढेकूण राहिले वर आणि टोमॅटो पडले डब्यात. दुसऱ्या दिवसापासून नीला एकटीच जाऊ लागली. पंधरा दिवसांत तिने ढेकूण आटोक्यात आणले, झाडांना नवी फुलंही आली. पण आधीची फळं वाया गेली ती गेलीच.

मीटिंगला घरटी दोन टोमॅटो आले, तेही पांढुरक्या डागांचे, आत टणक.

"कीड लागली म्हणायची?" अंबादासने विचारलं.

"लागली कसली, मीच पाळली," नंदकुमारने सांगून टाकलं. सगळे पोट धरधरून हसले.

मग तिघांनी स्कूटरींसाठी हात वर केले. उरलेले तिघे म्हणाले, बाग राहू दे, पण नीलावहिनी बघणार असतील तरच, नंदकुमारने तिथे पाऊलही टाकायचं नाही. आता मत उरलं फक्त त्याचं.

हसू येण्यासारखी गोष्ट होती, पण त्याला खरोखरच फार वाईट वाटलं. त्याने नीलाकडे पाहिलं आणि हात वर केला.

"लिहून घे, अंबादास. बाग नीलाची."

त्या झाडांच्या भल्याचं त्याच्या हातून झालेलं ते पहिलं काम.