भिंतीवरचा ओला माणूस

ऊन उतरलं की मावशीच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. अंगणात माणसं, पायऱ्यांवर माणसं, आणि सगळ्यांचे डोळे मधल्या खोलीच्या पांढऱ्या भिंतीकडे. आधी तिथे काहीच नसायचं. मग खिडकीतून वारा आत यायचा आणि भिंतीवर एक करडा डाग उमटायचा. डाग हळूहळू पसरायचा, त्याला हात फुटायचे, पाय फुटायचे, आणि पुरुषभर उंचीचा एक ओला माणूस भिंतीत उभा राहायचा. त्याचा डावा खांदा किंचित उतरलेला असायचा. बोटांवरून ओघळ निघायचे आणि जमिनीवर थेंब पडायचे.

माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, असेच उभे राहायचे. ते बोटीवर इंजिन सांभाळायचे. एका फेरीला गेले ते गेलेच. बोट सापडली नाही, देह सापडला नाही.

"चाखून बघा," दर्याबाबा म्हणायचे. लोक भिंतीला बोट लावून जिभेवर टेकवायचे आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. भिंत खारट होती.

हे बाबा सुटलेल्या पोटाचे, गळ्यात शिंपल्यांची माळ, आणि आकाशात ढग असो-नसो, काखेत छत्री. समुद्राशी बोलणाऱ्या माणसाला पावसाची एवढी धास्ती का, हे कुणी विचारलं नाही.

"समुद्र आपलं माणूस एकटं ठेवत नाही," ते डोळे मिटून सांगायचे. "जोडी पूर्ण करतो. आई, हे घर सोडा. नाहीतर एका सकाळी तुमच्या छातीत पाणी भरलेलं सापडेल." मावशीला दम्याचा त्रास होता. बाबा बोलायला लागले की तिची धाप वाढायची, आणि लोक एकमेकांकडे बघून माना हलवायचे.

आमचं गाव समुद्राजवळचं, पण समुद्राकाठचं नाही. मध्ये टेकडी आहे. समुद्र दिसत नाही, ऐकू येत नाही, म्हणून लोकांना वाटतं की तो इथवर पोचतच नाही. त्याचा वारा मात्र सगळ्यांना हवा असतो. दिवसभर झळा मारतात, म्हणून लोक खिडक्या घट्ट लावून बसतात, आणि ऊन उतरलं की घराघरातल्या पश्चिमेच्या खिडक्या धडाधड उघडतात. घर विकत घ्यायला आलेला माणूसही आधी तीच खिडकी बघतो. काठावरची घरं परवडेनाशी झाल्यापासून असे पुष्कळ यायला लागले होते, आणि त्यांना फिरवणारा एक दलाल आमच्या नाक्यावर ऑफिस थाटून बसला होता.

मावशीची अख्खी गल्ली त्याला हवी होती. मावशी नाही म्हणाली. शेजारची शिंपीणही नाही म्हणाली होती. मग शिंपिणीच्या भिंतीवर एका लहान मुलाची ओली आकृती उमटली. तिचा मुलगा विहिरीत पडून गेला होता, हे गल्लीला ठाऊक होतं. आठवडाभरात तिनं मिळेल त्या भावात घर दिलं आणि ती गल्ली सोडून गेली. आता तिथे विटांचा ढिगारा होता.

आता मावशीची पाळी. बाबांच्या बोलण्यानं घाबरून तिनं होकार दिला होता; सोमवारी कागदांवर सही करायची, असं ठरलं होतं.

"मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते," मी तिला म्हटलं. "मला थोडा वेळ दे."

"तुझ्या शाळेत मेलेली माणसं शिकवतात का?" मावशी म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्याला थंडी वाजत असेल गं. किती भिजलेला असतो."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला.

मीही भिंत चाखली. खारट होतीच, पण मागाहून जिभेवर कडवटपणा रेंगाळला. लोकांनी खारट एवढंच चाखलं होतं, कारण बाबांनी तेवढंच चाखायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, भिंत कोरडी ठणठणीत असताना, मी आकृतीच्या जागचा थोडा चुना खरवडून बशीत घेतला. शेजारच्या बशीत दारामागच्या भिंतीचा चुना. दोन्ही बश्या खिडकीत ठेवल्या. वारा आला तेव्हा दारामागचा चुना होता तसाच राहिला, आकृतीच्या जागच्या चुन्याचा चिखल झाला.

"मावशी, ही भिंत कधी रंगवलीस?"

"मी कुठे रंगवली? मोतीबिंदू काढला तेव्हा तुझ्याकडे नव्हते का राहायला? दलालानं हात फिरवून दिला. भला माणूस, पैसेसुद्धा घेतले नाहीत."

"आणि किल्ली?"

"त्याच्याकडेच होती की."

काकांचा उभा फोटो त्याच खोलीत टांगलेला होता. उतरलेल्या खांद्यासकट.

टेकडीपलीकडे मिठागरं आहेत. मीठ काढून घेतल्यावर तिथे जे दाट, कडू पाणी उरतं, ते मी डबाभर आणलं. उरलेलं काम मी रविवारी दुपारी केलं, आणि सगळ्या खिडक्या लावून टाकल्या.

संध्याकाळी गर्दी जमली. दलालही होता, हातात फाइल घेऊन. मी सगळ्यांना अंगणातच थांबवलं आणि दार किलकिलं ठेवलं. बाबांनी डोळे मिटले, हात हलवले, आवाज चढवला. भिंत कोरडीच राहिली.

"आज तो रागावलाय," बाबा म्हणाले. "आता घरात जीव वाचणं कठीण." गर्दी मागे सरकली. कुणाचं तरी मूल रडायला लागलं. मावशीनं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

"मी त्यांना बोलावते," मी म्हणाले, आणि दार व पश्चिमेची खिडकी सताड उघडली.

वारा आत आला. आम्ही वाट बघत उभे राहिलो. अंधारून यायला लागलं तसा भिंतीवर खांदा उमटला, मग हात, मग पाय. लोक हात जोडून खाली बसले. बाबांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"आता समोरच्या भिंतीकडे बघा," मी म्हणाले.

तिथेही एक माणूस उमटत होता. सुटलेलं पोट, आखूड मान, आणि काखेत छत्री. ओल पसरत गेली आणि छत्रीच्या टोकावरून पहिला थेंब पडला. अंगणातून कुणीतरी हळूच म्हणालं, "हे तर आपले बाबा."

"बाबा, तुम्ही कधी बुडालात?" मी विचारलं.

बाबांनी काखेतली छत्री हळूच खाली ठेवली. मी डबा पुढे ठेवला. "हे मिठागरातलं पाणी आहे. यानं भिंतीवर काहीही काढा. दुपारी सुकतं, पांढऱ्यात पांढरं दिसत नाही. वाऱ्याबरोबर दमट हवा आली की हा खार तिच्यातलं पाणी ओढून घेतो आणि भिंत भिजते. खिडकी उघडून आपणच हा माणूस रोज बोलावतो. चाखून बघा दोन्ही, चव एकच आहे. आणि मावशीची भिंत फुकटात कुणी रंगवून दिली, ते आठवा."

लोकांनी चाखलं. मग सगळ्यांनी दलालाकडे पाहिलं. "मी या बाबाला ओळखतसुद्धा नाही," दलाल म्हणाला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. गर्दी त्याच्याकडे सरकली तेव्हा बाबा अंगणाच्या कडेनं सटकले. छत्री तिथेच राहिली.

मला वाटलं होतं, मावशी सुटकेचा श्वास टाकेल. ती भिंतीकडे बघत उभी होती.

"मी रोज बोलायचे त्याच्याशी," ती म्हणाली. "जेवलास का, विचारायचे."

तिनं स्वयंपाकघरातून उलथनं आणलं आणि पायांपासून गिलावा खरवडायला सुरुवात केली. मी मदतीला गेले तर मला बाजूला केलं. खांद्यापर्यंत पोचल्यावर मात्र तिनं उलथनं माझ्या हातात दिलं.

सोमवारी सही झाली नाही. मावशी म्हणाली, "शिंपिणीला कोण सांगणार?"

आम्ही तिला शोधत गेलो. भाड्याच्या खोलीत ती मशीनवर बसली होती. खोलीची एकुलती एक खिडकी तिनं आतून फळी ठोकून बंद केली होती. मावशीनं तिला सगळं सांगितलं. घर गेलं होतं, ते परत येणार नव्हतं, पण शिंपिणीनं घराचं नाव काढलं नाही.

"म्हणजे माझं पोर भिजत नव्हतं?" तिनं विचारलं.

"नव्हतं," मावशी म्हणाली.

शिंपीण उठली आणि कात्रीच्या टोकानं खिडकीवरच्या फळीचा खिळा उचकटायला लागली.

पलीकडच्या गल्लीत परवापासून एक नवा माणूस फुकटात भिंती रंगवून देतोय, असं ऐकते. म्हणून हे लिहिलं. भिंतीला ओल आली तर आधी खिडकी लावून बघा, गिलावा खरवडून बघा, किल्ली कुणाकडे होती ते आठवा. आणि आपल्या गेलेल्या माणसाचं नाव दुसऱ्या कुणाला घेऊ देऊ नका.