सातव्या ओळीतला चौकोन

भाविकानं ठरवलं म्हणजे ठरवलं! जळगावच्या त्या कॉलेजात सगळ्यांचे प्रोजेक्ट रंगीत, फोटोंनी भरलेले, अर्धेअधिक तर विकत आणलेले. पण घरच्या जुनाट कॉम्प्युटरला फोटो झेपत नव्हते आणि बाग नानांना, म्हणजे वडिलांना, दिसायला हवी होती. म्हणून हिनं धरणगावजवळची त्यांची केळीची बाग टर्मिनलच्या, म्हणजे फक्त अक्षरं दाखवणाऱ्या काळ्या पडद्यावर नुसत्या चिन्हांनी मांडली. एका झाडाला एक चिन्ह. नाना रोज फोनवर कुठलं रोप वाढलं, कुठलं मेलं ते सांगायचे, ही चिन्ह बदलायची.

सादरीकरणाच्या दिवशी लॅबच्या मशीनवर बाग उघडली आणि सगळा बट्ट्याबोळ! झाडांच्या जागी रिकामे चौकोन, ओळी वाकड्यातिकड्या.

प्रोजेक्ट तपासणारे नीलेश सर खो खो हसले. "चौकोनांची शेती काय गं? चार वाजता पुन्हा बघेन, एक जरी चौकोन दिसला तरी नापास. त्यापेक्षा तयार प्रोजेक्ट घे."

"नाही घेणार, सर."

मग ती भिडलीच. लॅबच्या फॉन्टमध्ये निम्मी चिन्हंच नव्हती, तिथं चौकोन पडत होते. बाकीची चिन्हं मशीन दुसऱ्या फॉन्टमधून उसनी आणत होतं, कुठलं जाड, कुठलं बारीक, म्हणून ओळी वाकड्या. तिनं सगळी चिन्हं असलेला, प्रत्येकाला सारखीच जागा देणारा फॉन्ट टाकला आणि टर्मिनलला तोच वापरायला लावला. पावणेचारला ओळी सरळ झाल्या.

चारला नानाही येऊन मागच्या बाकावर बसले. सरांनी पडद्यावर बोट टेकवलं. सातवी ओळ, बारावी जागा, रिकामा चौकोन.

"राहिलाच ना एक!"

"तो फॉन्टचा नाही, सर. मीच ठेवलाय."

"सबबी नकोत. काढ, नाहीतर नापास."

एक कळ दाबली असती तर तिथं झाड उगवलं असतं. भाविकानं दोन्ही हात पाठीमागे बांधले. "नाही काढणार. खोटं झाड लावू का?"

नाना उठून पुढे आले, बोटानं ओळी मोजल्या. "तठे रोपच नही शे, साहेब. मरी गे. काल मीच उपटं. सोमवारी नवं लावसू."

"लावा, नाना," भाविका म्हणाली. "मग मीही लावेन. त्याआधी नाही."

सरांनी पडद्यावरचं बोट काढून घेतलं. मग त्यांनी 'उत्तीर्ण' लिहून सही केली. चौकोन जागेवरच होता.