घोडनदीचं रक्त

घोडनदीच्या काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. बाया पदर डोक्यावर घेऊन, बाप्ये चपला काढून उभे होते. करंजाच्या रोपाशेजारी खणलेल्या खड्ड्यातलं पाणी गावात आलेल्या जलबाबा नावाच्या बुवानं ताटलीत घेतलं, त्यात कलशातलं तीर्थ टाकलं. नितळ पाणी लालभडक झालं.

"बघा! आईच्या अंगात खिळे ठोकलेत तुमी!" बाबा किंचाळला. "एकेक रोप म्हंजी एकेक खिळा! म्हणून तर तिनं लेकरू नेलं!"

ते लेकरू मुक्ताबाईचं होतं. तिचा सत्यजीत उन्हाळ्यात पोहायला उतरला तो परत आलाच नाही. त्याच्या आदल्या वर्षी गावातल्या बायांनी माती धरून ठेवायला काठावर वाळा, बांबू, करंज लावले होते. वाळूच्या ट्रॅक्टरांची नदीत उतरायची वाटही त्या रोपांनी बंद झाली होती. पहिली कुदळ मारली होती मुक्ताबाईनं.

"म्याच खाल्लं माझं पोर!" म्हणत ती रोपं उपटायला लागली. तिच्यामागं साऱ्या बाया. मुळं तटातट तुटत होती. वाळूचा धंदा करणारा इंद्रजीत हात जोडून उभा होता. त्याचा जेसीबी मात्र सकाळपासूनच वर येऊन थांबला होता.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या दीक्षा मॅडम गर्दीतून वाट काढत पुढं आल्या. "बाबा, हे रक्तच ना?"

"ताजं रगत! शंका घेशील तर जीभ झडंल!"

दीक्षानं पूजेतलंच एक लिंबू चिरलं आणि ताटलीत पिळलं. पाणी फसफसलं, लाली उतरली, पुन्हा नितळ.

"रक्त लिंबानं जातं का हो, मुक्ताकाकी?"

दीक्षानं नदीचं साधं पाणी आणून त्यात तेच तीर्थ टाकलं. काहीच झालं नाही.

"खड्ड्यात धुण्याचा सोडा टाकलाय. कलशात फिनॉल्फ्थॅलिन आहे, प्रयोगशाळेतलं. सोड्याच्या पाण्यात ते गुलाबी, जास्त टाकलं तर लाल दिसतं, आंबटात रंग जातो. आमच्या शाळेतली पोरं करतात हा प्रयोग."

बाबाचा चेला झोळी घेऊन पळाला. लोकांनी धरला, तर झोळीत सोड्याचा पुडा. इंद्रजीत बाबाकडं न बघताच गाडीत बसला.

मुक्ताबाई तुटलेली मुळं हातात घेऊन तशीच बसली होती. "मंग माझा सत्या कशानं गेला?"

दीक्षा तिच्याजवळ चिखलात बसली. "गुडघाभर पाण्यातच उतरला होता तो, काकी. पुढच्या पावलाला डोह होता, वाट बंद व्हायच्या आधी वाळू उपसून केलेला."

"म्हंजी नदीनं न्हाई नेला."

"नाही."

मुक्ताबाई रडली नाही. गाडीच्या धुरळ्याकडं बघत राहिली.

उपटलेली रोपं पुन्हा लावली, पण बहुतेक वाळून गेली. पुढच्या पुरात उघडा काठ ढासळला, त्याबरोबर रोपं उपटणाऱ्यांतल्याच धुरपदाचं काठालगतचं निम्मं वावर गेलं. बाया आता नव्यानं वाळा लावताहेत. ट्रॅक्टर आला की मुक्ताबाई वाटेत आडवी बसते.

नदीला राग येत नसतो, ती सूडही घेत नाही. खड्डे माणसं खणतात. ते कुणी खणले आणि कुणाच्या फायद्यासाठी, एवढं विचारल्याशिवाय कुणापुढंही हात जोडू नका.