पाणकणसातून आलेलं उत्तर

निसर्ग मंडळाचा नियम एकच होता आणि तो सेक्रेटरींनी नोंदवहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवला होता. दोघांनी डोळ्यांनी पाहिलेला पक्षीच शाईने नोंदवायचा. एकट्याने पाहिला, किंवा कुणी नुसता ऐकला, तर पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. पेन्सिलीने का, तर सेक्रेटरी न्यायी माणूस होते. उद्या खरं ठरलंच तर खोडता यावं.

सेक्रेटरींचं औषधांचं दुकान होतं, त्यामुळे त्यांना सगळे औषधवालेच म्हणत. जन्मभर डॉक्टरांची अक्षरं वाचूनही त्यांचं स्वतःचं अक्षर मात्र मोत्यासारखं राहिलं होतं. आणि त्या मोत्यासारख्या अक्षरात ऑपरेटरबाईंच्या नावापुढे तीन वर्षांत सतरा प्रश्नचिन्हं जमली होती.

ऑपरेटरबाई म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधल्या जुन्या ऑपरेटर. एकतीस वर्षं कानाला यंत्र लावून बसलेल्या. कोण खोटं बोलतंय, कोण रडून आत्ताच गप्प झालंय, हे त्यांना नुसत्या ‘हॅलो’वरून कळायचं. निवृत्त झाल्या आणि काचबिंदूने गाठलं. आता समोरचा माणूस म्हणजे त्यांना धुक्यातला खांब. तरी दर रविवारी सकाळी त्या नणंदेचा हात धरून तळ्यावर हजर. नणंद त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. दोघींचे नवरे गेल्यावर दोघी एकाच घरात राहायला लागल्या होत्या, आणि दिवसभर भांडून रात्री एकमेकींच्या गोळ्या मोजून ठेवायच्या.

तळ्याच्या पलीकडच्या काठाला पाणकणीस माजलं होतं, पुरुषभर उंच. ऑपरेटरबाईंचं म्हणणं असं, की त्यात फटाकडी आहे. फटाकडी म्हणजे तांबड्या छातीचा, मुठीएवढा, कमालीचा भित्रा पक्षी. माणसाची चाहूल लागली की दिवसभर बाहेर तोंड काढत नाही. आधी सुटंसुटं टुक-टुक करते, मग घाई करते, आणि शेवटी जिन्यावरून गोट्या घरंगळाव्यात तशी खाली घसरत जाते. ऑपरेटरबाईंनी ती सतरा वेळा ऐकली होती. दिसली कुणालाच नव्हती.

आणि मग तो फोनचा रविवार उजाडला.

झालं असं, की औषधवाल्यांनी कुठून तरी फटाकडीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग मिळवलं. आवाज ऐकून पक्षी बाहेर येतो, असं त्यांनी वाचलं होतं. कुणाला न सांगता ते काठावरच्या पंपाच्या खोलीआड गेले आणि फोनवर ते मोठ्याने लावलं. इकडे ऑपरेटरबाईंनी हात वर केला. “ऐका! बोलली! ती बघा, समोर!” पंधरा दुर्बिणी पाणकणसाकडे वळल्या. तेवढ्यात मागून खोलीआडून औषधवाले फोन दाबत, ओशाळं हसत बाहेर आले, आणि सगळ्या मंडळाला हसू आवरेना. हसणाऱ्यांत वाईट माणूस एकही नव्हता, पण त्याने काय फरक पडतो? ऑपरेटरबाईही हसल्या. घरी येईपर्यंत हसत होत्या. घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “डोळे गेले ते गेले, आता कानही फितूर झाले.”

“फितूर कसले? भरलेत. मळ काढून घे,” नणंद म्हणाली. पण त्या दिवशी तिने भांडणाचा दुसरा डाव टाकला नाही.

दोन आठवड्यांत आणखी एक बातमी आली. पालिकेने तळ्याभोवती फिरायचा रस्ता करायचं ठरवलं होतं, आणि सोमवारी सकाळी यंत्र येऊन पाणकणीस मुळासकट काढणार होतं. मंडळाने धावाधाव केली. बागखात्याच्या मॅडम तरुण होत्या, पण कामाला चोख. त्या म्हणाल्या, “माझ्या कागदावर तिथे नुसतं गवत आहे. घरटं करणारा पक्षी असेल तर दाखवा. रविवारी सात ते नऊ मी स्वतः येते. मला दिसला, तुमच्यापैकी एकाला दिसला, की रस्ता दुसऱ्या अंगाने वळवते. नाही दिसला तर माझा नाइलाज आहे.” नियम त्यांचाही तोच होता, दोघांनी पाहिलेला.

शनिवारी दुपारी ऑपरेटरबाई औषधांच्या दुकानात गेल्या त्या मंडळाचा बिल्ला परत करायला. तसं त्यांनी नणंदेला रिक्षात सांगितलं होतं. “उद्या त्या मॅडमपुढे माझं हसं नको. माझ्यापायी मंडळाचंही हसं व्हायचं.”

दुकानामागच्या खोलीत खोक्यांच्या थप्प्या होत्या, खोकल्याच्या औषधाचा गोडसर वास होता, आणि औषधवाले टेबलावर फोन ठेवून उद्याची तयारी करत होते. मॅडमना आधी रेकॉर्डिंग ऐकवायचं, असा त्यांचा बेत होता. बिल्ला काढायला ऑपरेटरबाईंनी पर्स उघडली, तोच औषधवाल्यांनी रेकॉर्डिंग लावलं. टुक, टुक, टुक-टुक-टुक, मग ती घाई, मग घसरण. आणि आवाज थांबला.

ऑपरेटरबाईंचा हात पर्समध्येच राहिला. “पुढचं कुठंय?”

“पुढचं काय, बाई? संपलं. एवढंच आहे.”

“परत लावा.”

औषधवाल्यांनी परत लावलं. परत तेवढंच. बाईंनी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा नणंदही पुढे सरकून बसली.

“त्या दिवशी हे एवढंच नव्हतं,” ऑपरेटरबाई सावकाश म्हणाल्या. “त्या दिवशी हे संपता संपता दुसरं सुरू झालं होतं. थोडं पातळ, थोडं वरच्या पट्टीत. मला वाटलं, एकच लांबलचक आवाज आहे. मग तुम्ही सगळे हसलात आणि मलाही तेच खरं वाटलं. अहो, एकतीस वर्षं मी दुसरं केलं काय? इकडून घंटा वाजवायची आणि पलीकडून कुणी उचललं का ते ऐकायचं. तुम्ही घंटा वाजवलीत, औषधवाले. आणि पलीकडून उचललं होतं!”

औषधवाले म्हणाले, “बाई, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण हे आता तुम्हाला आठवतंय, उद्या मॅडम पुरावा मागतील.”

“वहीत काय लिहिलंय?” नणंद म्हणाली. “तुम्ही तर शिंक आली तरी लिहून ठेवता. वाचा की.”

औषधवाल्यांनी वही काढली, चष्मा चढवला आणि वाचू लागले. “सकाळी सात दहा. बाईंनी समोर, पाणकणसाच्या डाव्या टोकाकडे, वाकलेल्या बाभळीखाली बोट दाखवले. प्रत्यक्षात आवाज मागून, पंपाच्या खोलीआडून, आपल्याच फोनचा...” वाचता वाचता त्यांचा सूर उतरत गेला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“फोन माझ्या पाठीमागे होता,” ऑपरेटरबाई म्हणाल्या. “मी बोट समोर दाखवलं. डोळे गेले असतील माझे, पण पाठ कुठे आणि पोट कुठे हे मला अजून कळतं.”

नणंद इतकी मोठ्याने हसली की पुढच्या काउंटरवरचं गिऱ्हाईक डोकावून गेलं. बिल्ला पर्समध्ये होता तो पुन्हा स्वेटरवर चढला.

रविवारी सात वाजता सगळे काठावर. मॅडम बुटांत, टोपीत, गळ्यात दुर्बीण, हातात फाईल. औषधवाल्यांनी सवयीने फोन काढला. ऑपरेटरबाईंनी त्यांच्या मनगटावर काठी टेकवली.

“तो खिशात ठेवा. आत पिल्लं असली तर? घरात बाळंतीण असताना दारावर धक्के मारतं का कुणी? आज आपण हाक मारायची नाही. नुसतं थांबायचं.”

“पण नऊपर्यंतच वेळ आहे,” औषधवाले कुजबुजले.

“मग बोलण्यात घालवू नका.”

पंधरा माणसं बाभळीसमोरच्या काठावर बसली. आणि मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा कुणी कुणाला लेन्सची किंमत विचारली नाही. आठ वाजले. दोन पाणकोंबड्या आल्या, भांडून गेल्या. एक खंड्या तारेवर बसून उडाला. साडेआठला मॅडमनी फाईल मांडीवरून काढून बॅगेत ठेवली. नणंदेने थर्मास उघडला तसा त्याच्या झाकणाचा आवाज झाला, आणि ऑपरेटरबाईंनी तिच्याकडे असा चेहरा फिरवला की तिने कॉफी न ओतताच झाकण लावलं.

ऑपरेटरबाईंना टुक-टुक ऐकू येत नव्हतं. वारा ऐकू येत होता, दूरवरची गाडी, कुणाच्या तरी पोटातली गुरगुर, स्वतःच्या छातीतले ठोके. एकतीस वर्षांच्या नोकरीत मुक्या लाइनची त्यांना कधी भीती वाटली नव्हती, आज वाटत होती. यंत्र उद्या आठ वाजता येणार होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. तसंही त्या डोळ्यांचा आता उपयोग नव्हता.

नऊला दहा मिनिटं होती. मॅडम उठल्या. त्यांच्या बुटाखाली खडी वाजली.

“बसा,” ऑपरेटरबाई म्हणाल्या. त्या आवाजाने एके काळी साहेबांनाही ‘लाइन धरून ठेवा’ सांगितलं होतं. मॅडम मुकाट्याने बसल्या.

टुक-टुक नव्हतंच ते. फार बारीक, ओलं बूच बाटलीत फिरवल्यासारखं काहीतरी. चीक. मग आणखी एक, जरा मागून. मग एक मोठा, दबका आवाज, आई पोरांना दटावते तसा. ऑपरेटरबाईंनी काठी उचलली आणि एक जागा धरली. नणंदेने त्यांच्या कोपराला खालून आधार दिला.

“इथे. पाण्यालगत. डावीकडे सरकतायत. बाभळीचं खोड जिथे पाण्यात शिरतं ना, तिथे मोकळं आहे का?”

“आहे, हातभर मोकळं आहे,” औषधवाले दुर्बीण लावून म्हणाले.

“तिथे बघा. आता येतील.”

पाणकणसाची दोन पाती हलली. मधून एक तांबडी छाती बाहेर आली, थांबली, शेपटी झटकली. फटाकडी हातभर मोकळ्या चिखलावर उभी होती, उन्हात, तीन वर्षांच्या सतरा प्रश्नचिन्हांसमोर! आणि तिच्या मागून, काजळाच्या बोटांसारखी काळीभोर पिल्लं, एकामागून एक, अडखळत, धावत.

“दिसली,” औषधवाले म्हणाले. “मला दिसली.”

“मलाही,” मॅडम म्हणाल्या. फाईलचं त्यांना भानच नव्हतं. “एक... दोन... चार... थांबा, पाचवं राहिलंय मागे... आलं, आलं!”

पाचवं पिल्लू धडपडत आईमागे पाणकणसात शिरलं आणि पाती मिटली. काठावर कुणी ओरडलं नाही. ओरडायचं नाही हे सगळ्यांना कळत होतं, म्हणून पंधरा मोठी माणसं एकमेकांचे हात दाबत, तोंडावर रुमाल धरून आनंदाने नुसती डोलत होती. मॅडम दहा पावलं लांब गेल्या आणि त्यांनी फोन लावला. “उद्याचं यंत्र रद्द. हो, रद्द. रस्ता पंपाच्या बाजूने. मी स्वतः पाहिलंय.”

“वहिनी,” नणंद कानाशी म्हणाली, “यंत्र येत नाहीये. तू थांबवलंस.” आणि तिने बिनदिक्कत त्यांचा गालगुच्चा घेतला. ऑपरेटरबाईंच्या डोळ्यांना पाण्याच्या धारा लागल्या. ते डोळे निदान एवढं काम अजून चोख करत होते.

औषधवाल्यांनी वही गुडघ्यावर उघडली. आधी शाईने आजची नोंद केली: फटाकडी, एक मादी, पाच पिल्लं, पाहणारे दोघे. मग त्यांनी पट्टी घेऊन पानावर एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘ऐकणारे’. त्यात ऑपरेटरबाईंचं संपूर्ण नाव, मोत्यासारख्या अक्षरात. मग खिशातून खोडरबर काढून ते मागची पानं उलटू लागले. नणंद शेजारी बसून तारखा वाचत होती आणि प्रत्येक प्रश्नचिन्ह खोडलं की “गेलं” म्हणत होती. सतरा वेळा म्हणाली, आणि एकदाही कंटाळली नाही.

शेवटी औषधवाले फोनच्या रविवारच्या पानावर आले. तिथे पेन्सिल नव्हती, शाई होती. ‘प्रत्यक्षात आवाज आपल्याच फोनचा.’ त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, “बाई, ही ओळ मी कापून टाकतो. माफ करा मला.”

“अजिबात कापायची नाही,” ऑपरेटरबाई म्हणाल्या. “त्या ओळीनेच तर वाचवलं आपल्याला. फक्त खाली दुरुस्ती लिहा. त्या दिवशी आवाज दोन होते. एक पाणकणसातून, फटाकडी. दुसरा पंपाच्या खोलीआडून, सेक्रेटरी. दोघांनाही आधी सगळ्यांनी ऐकलं, आणि मग पाहिलं.”

औषधवाल्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, शाईने.